गिंकोचे बी दम्यावर देतात आणि तेच विषारीही म्हणतात: यामागचा विचार काय असावा?

आरण्यक (प्रश्न)

सर्व सदस्यांना नमस्कार. चिनी वैद्यकाच्या इतिहासावर एक दीर्घ टिपण तयार करीत असताना गिंको वृक्षाच्या बियांपाशी येऊन मी थांबलो आहे. हे बी चिनी औषधांत बायग्वो या नावाने ओळखले जाते. खोकला, कफयुक्त दमा, स्त्रियांमधील श्वेतप्रदर आणि वारंवार लघवीला होणे या तक्रारींवर ते देण्याची प्रथा असल्याचे बहुतेक ग्रंथ सांगतात. इथपर्यंत काही अडचण नाही.

अडचण अशी की ज्या ग्रंथांत हे गुण सांगितले आहेत, त्याच ग्रंथांत या बियांबद्दल धोक्याचे इशारेही आहेत. मिंग काळातील ली शिझेन यांनी 1578 मध्ये पूर्ण केलेल्या औषधिकोशात एका जुन्या ग्रंथाचा हवाला देऊन असे नोंदवले आहे की, हजार बिया खाणारा मनुष्य मरतो, आणि पूर्वी काही भुकेल्या लोकांनी भाताऐवजी याच बिया पोटभर खाल्ल्या तेव्हा दुसऱ्या दिवशी ते सर्व मरण पावले. आजच्या चिनी औषधकोशातही बियांचे प्रमाण 5 ते 10 ग्रॅम एवढेच दिले असून कच्चे बी विषारी असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. असे असताना दम्यावरील ‘दिंगछ्वान थांग’ या प्रसिद्ध काढ्याच्या मूळ पाठात एकवीस बिया सांगितल्या आहेत. हा आकडा वाचून मी पुन्हा पुन्हा पाठ तपासला, परंतु तो एकवीसच आहे.

त्यात भर म्हणजे, गिंको या शब्दाखाली हल्ली जे काही वाचायला मिळते ते जवळजवळ सगळे स्मरणशक्ती आणि मेंदूचा रक्तपुरवठा यांविषयी असते, आणि दम्याचा त्यात उल्लेखही नसतो. तेव्हा माझे प्रश्न असे: हे विष नेमके कोणते आहे, परंपरेने ते कसे हाताळले, आणि स्मरणशक्तीसाठी विकले जाणारे गिंको व हे दम्यावरील बी यांना एकाच औषधाची दोन रूपे मानावे काय? कृपया स्वतःवर करून पाहण्याचे घरगुती उपाय सुचवू नयेत. मला औषध घ्यायचे नाही, समजून घ्यायचे आहे.

वल्कल

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतर सदस्य देतीलच. त्याआधी झाडाविषयी थोडे सांगतो, कारण कोणता भाग औषधात जातो हे स्पष्ट नसल्यामुळेच पुढचे बरेच गोंधळ होतात.

गिंको हा अनावृतबीजी वृक्ष आहे, म्हणजे त्याला वनस्पतिशास्त्रीय अर्थाने फळ येतच नाही. शरद ऋतूत झाडाखाली जी पिवळसर, जर्दाळूच्या आकाराची गोळी पडलेली दिसते ती संपूर्ण बीच असते. बाहेरचा मांसल थर हे त्या बीचेच आवरण आहे, त्याच्या आत पांढरे कठीण कवच आणि कवचाच्या आत गर. औषधात आणि स्वयंपाकात फक्त हा गर वापरतात. बाहेरच्या मांसल थरात ब्युटिरिक आम्ल असते आणि त्यामुळे त्याला खराब झालेल्या लोण्यासारखी असह्य दुर्गंधी येते. शहरांतून रस्त्याकडेला लावण्यासाठी नर झाडे निवडतात ती याच कारणाने, कारण गिंकोत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात आणि बी फक्त मादीला धरते.

दुर्गंधीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे या थरातील गिंकोलिक आम्ले. काजूच्या टरफलातील तेलात जी अ‍ॅनाकार्डिक आम्ले असतात, त्यांच्याशी या आम्लांची रचना अगदी जवळची आहे. स्पर्शाने त्वचेवर पुरळ आणि फोड उठतात, म्हणून बिया सोलणारे लोक हातमोजे घालतात आणि मांसल थर कुजवून, धुऊन मगच बी वाळवतात. मात्र हे त्वचेचे विष आहे. आपल्याला ज्या विषाबद्दल विचारायचे आहे ते गराच्या आत असते आणि ते सर्वस्वी वेगळे आहे. अनेक लेखांत ही दोन्ही एकत्र करून ‘गिंको विषारी आहे’ असे एकच विधान केलेले दिसते, आणि अशा विधानातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

हे झाड आज जगभर दिसत असले तरी त्याच्या नैसर्गिक वाढीच्या जागा चीनमध्येच आहेत. झेजियांग प्रांतातील थ्येनमू पर्वत आणि नैर्ऋत्येकडील डोंगराळ भाग या संदर्भात सांगितले जातात. बियांसाठी कलमी मादी झाडांची लागवड मात्र ज्यांगसू प्रांतातील थायशिंग व फीझोउ आणि शान्दोंगमधील थानछेंग या भागांत मोठ्या प्रमाणावर होते. अकराव्या शतकात, सोंग राजवटीत, दक्षिणेकडून या बिया नजराणा म्हणून राजधानी काइफंगला जात असत. ओउयांग श्यू आणि मेइ याओछेन या कवींनी त्यावर एकमेकांना कविताही लिहिल्या. म्हणजे दरबारी मेवा म्हणून तिची ओळख आधी झाली आणि औषधिग्रंथांत तिला ठळक स्थान त्यानंतर, युआन आणि मिंग काळात मिळाले. चिनी औषधशास्त्राच्या मानाने हे बरेच अलीकडचे द्रव्य आहे. ‘हजारो वर्षांपासून वापरात असलेले औषध’ हे वाक्य गिंकोच्या बीला लावू नये.

सप्तपर्णी

चिनी द्रव्यगुणशास्त्राच्या अंगाने मी उत्तर देण्याचा प्रयत्न करते. माझा अभ्यास मुख्यतः जुन्या औषधयोगांच्या, म्हणजे मिश्रणांच्या, पाठांचा आहे, रोग्यांना औषध देणे हा माझा व्यवसाय नाही.

बायग्वोचे वर्णन गोड, कडू आणि तुरट रसाचे, सम प्रकृतीचे, आणि फुप्फुस व मूत्रपिंड यांच्या वाहिन्यांत प्रवेश करणारे असे केले जाते. यातील निर्णायक शब्द ‘तुरट’ हा आहे. चिनी वैद्यकाच्या दृष्टीने तुरट द्रव्य आवरून धरण्याचे काम करते. जे शरीरातून वाजवीपेक्षा अधिक बाहेर पडत आहे, मग तो श्वास असो, स्राव असो किंवा मूत्र असो, ते ही द्रव्ये रोखतात. म्हणून आपण दिलेल्या तक्रारींची यादी वरवर विस्कळीत वाटली तरी तिच्यामागे एकच सूत्र आहे. दम्यात श्वास सुटा पडून वर उसळतो, श्वेतप्रदरात स्राव आवरत नाही, आणि वारंवार लघवी होण्यात मूत्र धरून ठेवले जात नाही, असा तो विचार आहे.

आता याच सूत्रातून मर्यादाही निघते. रोगकारक घटक शरीरात असताना आवरणारे औषध दिले तर दार लावून चोराला घरात कोंडल्यासारखे होते, असे चिनी वैद्य म्हणतात. त्यामुळे नुकतीच सर्दी होऊन कफ दाटला असेल आणि तो बाहेर पडत नसेल, तर एकटे बायग्वो देणे चुकीचे मानले जाते. पुढील विषचर्चेशी या नियमाचा संबंध नाही, तरीही परिणाम तोच झाला आहे: हे द्रव्य एकटे, दीर्घकाळ आणि सढळ हाताने देण्याची परंपरा तयारच झाली नाही.

दिंगछ्वान थांग हे याचे उत्तम उदाहरण आहे. हा योग झांग शिछे यांच्या 1550 च्या संग्रहामुळे प्रसिद्ध झाला. त्यात नऊ द्रव्ये आहेत: गिंकोचे बी, माह्वांग, सूझी, ज्येष्ठमध, क्वानदोंगह्वा, कडू जर्दाळूचे बी, तुतीच्या मुळाची साल, ह्वांगछिन आणि पान्श्या. बाहेर थंडीचा आघात झालेला आहे आणि आत कफ व उष्णता साठलेली आहे, अशा दम्यासाठी तो सांगितला आहे. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. माह्वांग फुप्फुस उघडते, घाम आणते आणि श्वासमार्ग मोकळा करते, तर गिंकोचे बी त्याच वेळी आवरून धरते. एक द्रव्य मोकळे करणारे आणि दुसरे बांधणारे, असे दोघांना समोरासमोर ठेवल्यामुळे माह्वांगचा अतिरेक होत नाही आणि बीमुळे रोग आत कोंडला जात नाही, असे टीकाकार स्पष्टीकरण देतात. योगाची ही घडण मला फार सुंदर वाटते. तिची परिणामकारकता हा अर्थातच वेगळा प्रश्न आहे, आणि सौंदर्याने तो सुटत नाही.

परिणामकारकतेबद्दल स्पष्ट बोलायचे तर या योगात श्वासनलिका रुंदावण्याचे ज्ञात काम करणारे द्रव्य माह्वांग आहे. त्यातील एफेड्रिन नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1885 मध्ये वेगळे काढले आणि विसाव्या शतकात ते दम्यावरील औषध म्हणून जगभर वापरले गेले. तैवानमध्ये दमा स्थिर असलेल्या 52 मुलांवर या काढ्याची एक यादृच्छिक, दुहेरी-अंध चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले असून श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता कमी झाल्याचे त्यात नोंदवले आहे. परंतु ती चाचणी संपूर्ण मिश्रणाची होती, आणि मिश्रणात माह्वांग आहे. तिच्या आधारे गिंकोच्या बीला श्रेय देणे योग्य होणार नाही.

एकवीस या आकड्याविषयी आता सांगते. मूळ पाठात बिया कवच काढून, ठेचून, पिवळसर होईपर्यंत परतायच्या आहेत. सगळी द्रव्ये तीन पेले पाण्यात दोन पेले उरेपर्यंत उकळायची, आणि तो काढा दोन वेळा विभागून सावकाश प्यायचा, असे सांगितले आहे. आधुनिक चिनी पाठ्यपुस्तकांत याच योगात बायग्वोचे प्रमाण 9 ग्रॅम छापलेले असते, म्हणजे ते औषधकोशाच्या मर्यादेत बसवलेले आहे. श्वेतप्रदरावरील ‘यीह्वांग थांग’ हा योग सतराव्या शतकातील वैद्य फू शान यांच्या नावावर आहे, आणि त्यात दहाच बिया आहेत. दोन्ही ठिकाणी रोगी काढा पितो, बिया चावून खात नाही, हेही लक्षात ठेवावे.

जाता जाता एक गोष्ट. त्याच काढ्यातील कडू जर्दाळूचे बी हेसुद्धा झाडाचे बी आहे, खोकल्यासाठीच आहे, त्याचेही औषधकोशातील प्रमाण 5 ते 10 ग्रॅम आहे आणि तेही विषारी आहे, कारण त्यातील अ‍ॅमिग्डॅलिनपासून सायनाइड सुटते. एकाच योगात दोन विषारी बिया शेजारी बसवणाऱ्या वैद्यांना त्यांच्या विषारीपणाची जाणीव नव्हती, असे म्हणता येत नाही.

ऋजुता

सप्तपर्णी यांचा प्रतिसाद वाचून असे वाटते की आरण्यक यांचा प्रश्न सुटलाच आहे. बिया परतल्या, नंतर उकळल्या, त्यामुळे विष नष्ट झाले. चिनी वैद्यकात औषधावर संस्कार करण्याची सगळी पद्धत यासाठीच आहे. कच्चे बी विषारी आणि शिजवलेले बी निर्धोक, असा सरळ नियम मानायला हरकत नसावी. चीन, जपान आणि कोरियात लोक हे बी भाजून आणि पेजेत घालून खातातच की. शिवाय गराच्या मधला हिरवट अंकुर काढून टाकला की उरलेसुरले विषही जाते, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे.

मात्राविचार

ऋजुता यांचा नियम सोयीचा आहे, परंतु तो पाळून विषबाधा झालेल्या माणसांच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, म्हणून त्याला हरकत घेणे भाग आहे.

प्रथम विष कोणते ते पाहू. 1985 मध्ये वादा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी गिंकोच्या बियांतून 4′-ओ-मेथिलपिरिडॉक्सिन हे द्रव्य वेगळे केले. त्यालाच आता गिंकोटॉक्सिन म्हणतात. ब-6 जीवनसत्त्वाच्या, म्हणजे पिरिडॉक्सिनच्या, रेणूला एक मेथिल गट जोडला की हा रेणू तयार होतो. दोघांत इतके साम्य असल्यामुळे शरीरातील ब-6 ला क्रियाशील रूपात आणणाऱ्या विकराच्या, म्हणजे पिरिडॉक्सल कायनेजच्या, कामात तो अडथळा आणतो. त्याचा परिणाम मेंदूत दिसतो. ग्लुटामेटपासून गाबा हे शांतवणारे चेतापारेषक बनवणाऱ्या विकराला क्रियाशील ब-6 लागते. ते कमी पडले की गाबा घटतो, उद्दीपक ग्लुटामेट वरचढ होतो आणि रोग्याला आकडी येते. क्षयरोगावरील आयसोनायाझिड या औषधाच्या अतिमात्रेने येणाऱ्या झटक्यांमागेही ब-6 ची अशीच कोंडी असते, आणि तिथेही उपाय ब-6 हाच असतो.

लक्षणे साधारणपणे खाल्ल्यापासून 1 ते 12 तासांत दिसू लागतात. उलट्या, पोटदुखी, अस्वस्थता, आणि नंतर एकामागून एक येणारे झटके असा क्रम असतो. इथे नेहमीची झटके थांबवणारी औषधे अपुरी पडू शकतात. त्यामुळे रोग्याने बिया खाल्ल्याची माहिती डॉक्टरांपर्यंत पोचणे फार महत्त्वाचे ठरते. जपानमध्ये पिरिडॉक्सल फॉस्फेट, म्हणजे ब-6 चे आधीच क्रियाशील असलेले रूप, शिरेतून देतात. ज्या विकराला विषाने अडवले आहे त्याच्यावर हे रूप अवलंबून राहत नाही, असा त्यामागचा तर्क आहे.

आता शिजवण्याविषयी. गिंकोटॉक्सिन उष्णतेने सहज मोडत नाही. उकळल्याने काही भाग पाण्यात उतरतो आणि काही प्रमाणात घट होते, पण विष संपते असे मानता येत नाही. हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने दिलेला इशारा इथे शब्दशः लक्षात घेण्याजोगा आहे: एका वेळी 10 ते 50 *शिजवलेल्या* बिया खाल्ल्याने तीव्र विषबाधा होऊ शकते. दिवसाकाठी थोड्याच बिया खाव्यात, कच्च्या व अपक्व बिया टाळाव्यात, आणि मुले, वृद्ध व आजारी माणसे यांनी अधिक जपावे, असे ते केंद्र सांगते. अंकुर काढल्याने कडवटपणा कमी होतो, परंतु विष अंकुरापुरते मर्यादित नसून संपूर्ण गरात असते.

हे विष पाण्यात विरघळते, याचा एक अर्थ सप्तपर्णी यांच्या मुद्द्याच्या उलट जातो. रोगी बी खात नाही, फक्त काढा पितो, म्हणून तो सुरक्षित आहे असे आपोआप ठरत नाही, कारण विषाचा काही भाग त्या काढ्यातच उतरलेला असणार. संरक्षण मिळते ते मुख्यतः थोड्या प्रमाणामुळे, ते दोन वेळांत विभागल्यामुळे, आणि औषध काही दिवसांतच थांबवल्यामुळे. शिजवणे हे साहाय्यक आहे, पण मुख्य भूमिका संख्येची आहे. ली शिझेन यांच्या ग्रंथातील भुकेल्यांची नोंद याच दृष्टीने वाचावी. त्या लोकांनी बिया कच्च्या खाल्ल्या असे ती नोंद म्हणत नाही, भाताऐवजी पोटभर खाल्ल्या असे म्हणते. विसाव्या शतकात जपानमध्येही अन्नटंचाईच्या वर्षांत अशा विषबाधा वाढल्या होत्या. माणूस आधीच कुपोषित असेल तर त्याच्याजवळ ब-6 चा साठा कमी असतो, आणि नेमका तोच या बियांनी पोट भरायला जातो. जुन्या वैद्यांना जीवनसत्त्व ठाऊक नव्हते, पण त्यांनी नोंदवलेली परिस्थिती आजच्या रसायनशास्त्राशी नेमकी जुळते.

मुलांच्या बाबतीत मात्र कुठलीही सूट मानू नये. नोंदल्या गेलेल्या विषबाधांत लहान मुलांचे प्रमाण ठळक आहे, आणि प्रौढाला काहीही न करणाऱ्या संख्येने लहान मुलाला झटके येऊ शकतात. अपस्माराच्या रोग्यांनीही या बियांपासून दूर राहणेच इष्ट.

ऋजुता

हाँगकाँगच्या केंद्राचा आकडा शिजवलेल्या बियांचा आहे, हे मला ठाऊक नव्हते. तरीही एक शंका उरते. पूर्व आशियात रोज इतके लोक हे बी खात असताना विषबाधा सर्रास का दिसत नाहीत?

मात्राविचार

कारण बहुतेक लोक एका वेळी चार-पाचच खातात. चवानमुशी या वाफवलेल्या अंड्याच्या जपानी पदार्थाच्या एका वाटीत एखाददुसरे बी असते, आणि चिनी पेजेतही ते मूठभर टाकत नाहीत. बियांना थोडा कडवटपणा असल्यामुळे हातही आवरला जातो. भाजलेल्या बियांची वाटी समोर घेऊन गप्पा मारत बसलेला माणूस हा यातला अपवाद, आणि प्रौढांच्या नोंदलेल्या प्रकरणांत असे अपवाद पुन्हा पुन्हा भेटतात.

आरण्यक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकवीस बियांचे कोडे आता पुरेसे उलगडले आहे. वल्कल यांनी बीच्या तुलनेने अलीकडच्या इतिहासाविषयी लिहिल्यामुळे टिपणातील एक परिच्छेद मला नव्याने लिहावा लागेल. स्मरणशक्तीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. काही आधुनिक लेखक असे म्हणतात की गिंकोतील गिंकोलाइड ही द्रव्ये दम्यात भाग घेणाऱ्या एका घटकाला अडवतात, आणि त्यामुळे बीचा दम्यावरील पारंपरिक उपयोग विज्ञानाने सिद्ध झाला आहे. हे विधान कितपत ग्राह्य धरावे?

हिरवा कोपरा

ते विधान ग्राह्य धरू नये, आणि त्याचे कारण समजले की आपला तिसरा प्रश्नही सुटतो.

गिंकोलाइडांची रचना नाकानिशी यांच्या गटाने 1967 मध्ये उलगडली, आणि त्यांनी हे रेणू मिळवले होते गिंकोच्या मुळांच्या सालीपासून. पुढे 1980 च्या दशकात असे आढळले की गिंकोलाइड-बी हे प्लेटलेट सक्रिय करणाऱ्या एका घटकाला विरोध करते, आणि त्या घटकाचा दाहाशी व श्वासनलिकांच्या आकुंचनाशी संबंध असल्यामुळे दम्याच्या संदर्भात मोठी अपेक्षा निर्माण झाली. ती अपेक्षा दम्याच्या औषधात कधी उतरली नाही. औषधी उपयोगासाठी गिंकोलाइड मिळवतात ते पानांतून, आणि दम्यावर परंपरेने दिले जाते ते बी. पानातील द्रव्याच्या प्रयोगशाळेतील गुणाने बीच्या काढ्याला प्रमाणपत्र देणे म्हणजे झाडाचे नाव एक आहे एवढ्यावर सगळा हिशेब जुळवणे होय.

स्मरणशक्तीचे गिंको हे सर्वस्वी पानांचे औषध आहे आणि त्याचा जन्म युरोपात झाला. जर्मनीतील विल्मार श्वाबे या कंपनीने 1960 च्या दशकात पानांचा अर्क बाजारात आणला. पुढे प्रमाणित झालेल्या त्याच्या ईजीबी-761 या अर्कात सुमारे 24 टक्के फ्लेव्होन ग्लायकोसाइड आणि 6 टक्के टर्पिन लॅक्टोन असतात, आणि वल्कल यांनी सांगितलेली गिंकोलिक आम्ले दशलक्षात 5 भागांच्या खाली आणलेली असतात. म्हणजे झाडाच्या पानांचा साधा काढा आणि हा अर्क यांतही बरेच अंतर आहे. चिनी परंपरेत पानांचा उपयोग गौण होता. आज चीनच्या औषधकोशात पानांना स्वतंत्र नोंद आहे आणि तिथे ती रक्ताभिसरणाच्या तक्रारींसाठी सांगितली आहेत, परंतु त्या नोंदीमागे युरोपातील या अर्काच्या प्रसिद्धीचा मोठा वाटा आहे असे माझे मत आहे.

त्या अर्काचे फळ काय, हेही सांगून टाकतो. अमेरिकेत 75 वर्षे व त्यावरील वयाच्या 3069 स्वयंसेवकांना दिवसातून दोनदा 120 मिलिग्रॅम अर्क किंवा निष्क्रिय गोळी देऊन त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अर्काने स्मृतिभ्रंश टळला नाही. स्मृतिभ्रंश आधीच जडलेल्या रोग्यांतील लक्षणांविषयीचे पुरावे काहीसे वेगळे आहेत, आणि युरोपीय औषध संस्थेने सौम्य स्मृतिभ्रंशासाठी प्रमाणित अर्काचा उपयोग मान्य केलेला आहे. निरोगी माणसाची स्मरणशक्ती तल्लख करण्याची जाहिरात मात्र या दोन्हींपैकी कशातूनच निघत नाही.

आपल्या टिपणासाठी व्यावहारिक सूचना एवढीच की कोणताही संदर्भ वाचताना प्रथम तो बीचा आहे, पानाचा आहे की मांसल आवरणाचा, हे समासात लिहून ठेवावे. दमा, श्वेतप्रदर, गिंकोटॉक्सिन आणि 5 ते 10 ग्रॅमची मर्यादा बीकडे जातील. रक्ताभिसरण, स्मृतिभ्रंश, गिंकोलाइड आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास रक्तस्रावाची काळजी हे पानाकडे जाईल. त्वचेवरील पुरळ आवरणाकडे. ज्या लेखातून हे ठरवताच येत नाही, तो लेख संदर्भातून वगळावा.

सप्तपर्णी

हिरवा कोपरा यांच्या सूचनेत थोडी भर घालते. चिनी मूळ पाठ वाचताना आरण्यक यांना बीसाठी बायग्वो आणि यिनशिंग अशी दोन्ही नावे भेटतील. ती दोन वेगळी द्रव्ये समजू नयेत. पानांचा उल्लेख असेल तेव्हा यिनशिंग-ये असे लिहिलेले असते. मात्राविचार यांनी काढ्यात उतरणाऱ्या विषाविषयी मांडलेला मुद्दा मला मान्य आहे, आणि टिपणात दिंगछ्वान थांगचा मूळ पाठ देताना एकवीस बियांच्या शेजारी आजचे 9 ग्रॅम हे प्रमाणही छापावे, अशी माझी विनंती आहे.